जिवंतांमधलं एक नाव

प्रिय आई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. बाबांच्या नावाचा दगड दफनभूमीत जूनमध्ये बसवायचा का, आणि तोही मी हो म्हटलं तरच, एवढंच तू विचारलंस. मी उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी वाळत घालायला उठते. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. आधी इथलं सांगते, म्हणजे हात जरा मोकळा होईल.

पुस्तक शेवटाशी अडलं होतं. आधीची दोन मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिली. त्यांत पिस्तुलं होती, बंद खोल्या होत्या, प्रेमात पडलेली जोडपी होती, आणि वाचून कुणी घाबरलं मात्र नाही. कासोसला, या ग्रीक बेटावर, बोटीतून उतरले त्या दिवशी काळ्या कपड्यांतल्या एका बाईनं माझी पिशवी हातातून घेतली आणि विचारलं, "तू कुणाची गं?" इथे कुणाचीच नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग चल, आजपासून माझी." तीच कालियोपीमावशी. तिच्याच माडीवर मी इतकी वर्षं राहते आहे. या गावात दाराला कुलूप नसतं. एकमेकांची गुपितं सगळ्यांना पाठ असतात, पण तोंडातून काढत नाही कुणी. रहस्यकथा कशी लिहायची ते मला इथे कळलं. गप्पा रंगलेल्या असतात, चुकून एक नाव निघतं, आणि कॉफीवाला सावास स्वच्छ कप पुन्हा पुसायला घेतो.

ते नाव मिनासचं. मावशीचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं. समोरच्या बेटावर बकऱ्या आणायला म्हणून तो गेला, आणि होडी तेवढी सापडली. कुणी म्हणालं बुडाला. कुणी म्हणालं अलेक्झांड्रियात संसार थाटून बसलाय. याला चाळीसेक वर्षं झाली. इथे चर्चमध्ये पाद्री याकोवोस आधी जिवंतांची नावं घेतात, त्यांच्या आरोग्यासाठी, आणि मग गेलेल्यांची, त्यांच्या शांतीसाठी. घरोघरचे लोक चर्चला पाव देतात आणि त्याबरोबर आपापल्या माणसांची नावं सांगतात. मावशी मिनासला जिवंतांत घालायची. ते नाव आलं की मागे कुणीतरी खोकायचं. मी पहिल्यांदा ते ऐकलं आणि त्याच दुपारी ही कादंबरी सुरू केली.

अर्थात मावशीला विचारल्याशिवाय नाही. धीर करून विचारलं, तर म्हणाली, "लिही की. फक्त मला जरा बारीक कर." मग रोज संध्याकाळी ओट्यावर शेंगा सोलताना मी तिला लिहिलेलं सांगायचे. सावास जाता जाता ओरडायचा, "काय गं लेखिके, आज कुणाला मारलंस?" अजून कुणाला नाही म्हटलं की म्हणायचा, "मग उद्या येतो. मला मारायचं तर जेवण झाल्यावर मार हो!"

गेल्या हिवाळ्यात मी तिला शेवट सांगितला. पिकल्या केसांचा नायक होडीतून उतरतो आणि ती दार उघडते. मला वाटलं, मावशी रडेल. तिनं शेंगांची परात बाजूला सारली. "कुठे होता तो?" मी म्हटलं, त्याची स्मृती गेली होती. "हं." तुरुंगात होता म्हटलं, तर म्हणाली, "ते तुझ्या वाचकांना सांग. हातपाय धड होते ना? एक चिठ्ठी टाकवली नाही त्या महाभागाला?" मग तिनं परात पुन्हा पुढ्यात ओढली. "जिवंत असून आला नसेल तर तो हलकट. माझा मिनास हलकट नव्हता, पोरी. मग दर रविवारी मी त्याला काय ठरवत होते गं?"

 मृतांच्या शनिवारी, म्हणजे गेलेल्यांची आठवण करायच्या दिवशी, तिनं गहू उकडले, मी डाळिंब सोललं, आणि वर साखर पेरून आम्ही ताट चर्चमध्ये नेलं. पाद्रींनी या वेळी मिनासचं नाव गेलेल्यांत घेतलं. कुणी खोकलं नाही. बाहेर बायका चमचा चमचा गहू तोंडात टाकत म्हणत होत्या, "देव त्याला क्षमा करो." सावासनं दोनदा घेतलं. "छान झालंय, कालियोपी," म्हणाला, "आवडलं असतं त्याला." मग ती रडली, आणि रडता रडता त्याला म्हणाली, "तिसऱ्यांदा घेऊ नकोस, मेल्या, बाकीच्यांना राहू दे." माझ्या पुस्तकात आता तो परत येत नाही.

आई, आपलंही गाव म्हणत होतं की बाबा पळाले, तळ्यावर होडी मुद्दाम सोडून गेले. तू पहिल्या दिवसापासून म्हणालीस, ते तळ्यात आहेत. आणि मी, ते जिवंत आहेत म्हणत, दगड बसवू दिला नाही. मला वाटायचं, त्यांची बाजू घेणारी मी एकटीच. शाळा दूर म्हणून ज्यांनी मला घरी अक्षरं शिकवली, माझं गणित दोनदा तपासल्याशिवाय जे झोपत नसत, ते आपल्याला असे टाकून जातील का? नाही गेले, आई. बसव दगड. मी जूनमध्ये येते. इतकी वर्षं एका शब्दानं मला न टोचता तू थांबलीस, ती त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. तुझे हे उपकार फेडता येणारे नाहीत, हे मला मावशीकडून शिकावं लागलं.

तुझीच,
हेल्मी