गडग्यापर्यंतचा चर

मंगळवार, आषाढ. संध्याकाळ.

उतारावरचं पाणी पडवीत येऊ नये म्हणून मे महिन्यात जांभ्यात चर मारून घेतला. गवंडी तेव्हाच विचारत होता, "गुरुजी, पुढे पाणी सोडायचं कुठे?" मी म्हटलं, "गडग्यापर्यंत आण, पुढचं पुढे." कुंपणाच्या त्या दगडी गडग्याखाली शेजारच्या काकूंचं घर आहे, हे मला ठाऊक नव्हतं? आज पाणी थेट त्यांच्या चुलीपाशी गेलं. चर बुजवला तर आमची पडवी भरते. वळवायला गवंडी तयार नाही, पावसात सिमेंट धरत नाही म्हणतो. गडग्यापर्यंत आण म्हणे! मोठा शहाणा!

आत्ता काकू भिजत वर आल्या. बोलणी खायच्या तयारीने मी दार उघडलं.

"गुरुजी, तुमच्याकडे नाय ना शिरलं पाणी?"

नाही म्हणालो. अजून काय म्हणणार?