चाकांवरच्या तीन खोल्यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, जन्मभर दवाखान्यांच्या आणि गोदामांच्या ढकलगाड्या बनवून पोट भरलेला माणूस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. डोकं जागेवर आहे. घर जागेवर असेलच असं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

१. मिळकत. मी जागा घेतली तेव्हा वर मोकळं आभाळ होतं. मग टॉवर उभे राहिले आणि उच्चदाबाच्या वायरी बरोबर आमच्या डोक्यावरून गेल्या. पाठोपाठ वीजकंपनीचं पत्र आलं: या पट्ट्यात पक्कं बांधकाम नको, विहीर नको, माणसापेक्षा उंच झाड नको, गवताची गंजी नको, पतंग नको. खाली एक ओळ होती, "हलवता येण्याजोग्या वस्तूंना हरकत नाही, मात्र तपासणीच्या वेळी त्या हलवून दाखवाव्यात."

ही ओळ लिहिणाऱ्याला माझा धंदा ठाऊक नसावा. मी फळ्यांच्या तीन ठेंगण्या खोल्या बांधल्या आणि खाली दवाखान्याच्या खाटांची जाड चाकं बसवली. दरवर्षी निरीक्षकसाहेब येत. ते स्वयंपाकघरात चहा घेऊन बसत आणि आम्ही सहकुटुंब ते स्वयंपाकघर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत ढकलत नेत असू. माझी बायको, आता ती नाही, साहेबांसमोरच ओरडायची, "अहो, दूध तापेपर्यंत तरी घर एका जागी राहू द्या!" कपातला चहा सांडला नाही, तर साहेब "समाधानकारक" असा शेरा मारत.

२. वारस. मला एक मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहतो. मुलीच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मधल्या खोलीत शिवणयंत्र चालवते.

गेल्या महिन्यात मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, स्पष्टच बोलतो. जमीन माझ्या नावावर करा. बाकीचं सामानसुमान ताईला द्या."

"आणि ती राहील कुठे?"

"बघेल काहीतरी. एकटीचं असं काय लागतं?"

फळीपलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. त्या दिवशी मला पोटच्या पोराचा जेवढा राग आला, तेवढा वीजकंपनीचाही कधी आला नव्हता.

३. तरी त्याचा शब्द मोडत नाही. सगळी जमीन मुलाला. त्याने तीवर बांधू नये, खणू नये, उंच झाड लावू नये. पतंगाची हौस लहानपणी राहून गेली, ती आताही राहील.

४. तिन्ही खोल्या, चाकं, दोर आणि पाचरी मुलीला. वकील म्हणाले, चाकं आहेत म्हणजे ही जंगम मिळकत. सामानसुमान हा शब्द मुलाचाच आहे, मी फक्त उतरवून घेतला.

५. मुलाच्या इमारतीखालची गाडी लावायची जागा मी घेऊन दिली होती. ती अजून माझ्याच नावावर आहे. तीही मुलीला. तिथे पाटी आहे, "चाके असलेलीच वस्तू ठेवावी." मी जाऊन माप घेऊन आलो. वॉचमनने विचारलं, "आजोबा, कोणती गाडी घेताय?" म्हटलं, "स्वयंपाकघर." उंचीला चार बोटं जागा उरते.

अट एवढीच. खोल्या आहेत त्या जमिनीवर राहू दिल्या, तोवर मुलाने इमारतीखालच्या त्या जागेत खुशाल आपली गाडी लावावी. ज्या दिवशी तो बहिणीला "ऊठ" म्हणेल, त्या दिवशी स्वयंपाकघर त्याच्या बाल्कनीखाली येऊन लागेल आणि फोडणीचा ठसका थेट दिवाणखान्यात जाईल. बाकीच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या जागेत आळीपाळीने उभ्या कराव्यात.

६. शेजारच्या मास्तरांना माझी तेलाची बुधली. चाकं करकरतात म्हणून त्यांनी तक्रारींचा सपाटा लावला होता. आता ज्याला त्रास होतो त्यानेच तेल घालावं.

७. निवृत्त निरीक्षकसाहेबांना त्यांचा कप. तपासणीच्या दिवशी ते अजूनही चहाला येतात.

८. मुलीला चार शब्द. बाई गं, परत आलीस तेव्हा म्हणाली होतीस, "बाबा, माझं घर कुठे टिकतच नाही." या पट्ट्यातली पक्की घरं मी पाडलेली पाहिली. आपलं कोणाला पाडता आलं नाही. तू जाशील तिथे ते तुझ्याबरोबर येईल. उतारावर तेवढी चाकाखाली वीट लाव.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचलं, पटलं.

सही: (वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार: १. निवृत्त निरीक्षक, हातात कप.
२. शेजारचे मास्तर. बुधलीबद्दल हरकत नोंदवून सही केली.

दिनांक: वार्षिक तपासणीचा दिवस.

स्थळ: स्वयंपाकघर. लिहायला बसलो तेव्हा डाव्या कुंपणापाशी, सही केली तेव्हा उजव्या. सही वाकडी म्हणून कोणी कोर्टात जाऊ नये; हात थरथरला नाही, घर चालत होतं. मागून लेक ढकलत होती. पुढे दोराला माणूस कमी पडला, तेव्हा जमिनीचं काय झालं ते विचारायला आलेला मुलगा सवयीने बूट काढून ओढायला लागला आणि मागे वळून म्हणाला, "ताई, जपून, बाबा आत आहेत."