काझिसच्या माश्यांची सोयरीक

लाडक्या आल्दोनाला ताईकडून खूप माया.

लात्वियात काझिसच्या मित्राकडे, इमांतकडे, सुखरूप पोचले. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या सरकारने संशोधनाचे नियम युरोपच्या नव्या निधीच्या अटींशी जुळवून घेतले, हे तुला सांगितलंच होतं. आता परदेशी भागीदार नसेल तर काझिसने उभं केलेलं देशी मधमाश्यांचं केंद्र बंद होणार. म्हणूनच भागीदारीचा करार घेऊन इथे आले.

करार बघून इमांत फुगला. "वहिनी, काझिसने मला मोहोळ दिलं तेव्हा पैसे घेतले नाहीत. म्हणाला, आमच्या लिथुआनियात माश्या वाटून घेणारे सोयरे होतात. आणि तुम्ही सोयऱ्याची सही मागता?"

"भावजी, मला नको, सरकारला हवी आहे."

हसत त्याने चष्मा शोधला आणि सही केली.

ते मोहोळ काझिसने बसमधून मांडीवर धरून आणलं होतं. आत लोणी आहे, असं मी लोकांना सांगत होते.

मग इमांतने मला मधमाश्यांच्या पेट्यांपाशी नेलं. काझिस गेल्यापासून मी आपल्या पेट्यांकडे फिरकलेच नाही. इथे मात्र कान लावून बराच वेळ उभी राहिले. घरी आले की तू सोबत ये, आपल्याही उघडू.

तुझीच,
ब्रोन्ये