भाषेचं सरकार आणि बंद बॉयलर

ब्रसेल्स, नोव्हेंबर

आईस ओडेतचा नमस्कार,

तू विणलेले हातमोजे घालून खडू धरता येत नाही, ही माझी गंभीर तक्रार. आमच्या शाळेचे वर्ग गरम ठेवणारा बॉयलर बंद आहे. बेल्जियममध्ये आपल्या फ्रेंच भाषकांना स्वतःचं सरकार आहे, संसद आहे. तरी त्या सरकारच्या शिक्षण खात्यातले साहेब म्हणतात, “बाई, शिकवणं आमचं, इमारत नगरपालिकेची.” नगरपालिका त्यांच्याकडे बोट दाखवते. मुलं कोट घालून पाढे म्हणत होती. हेच का आपलं स्वराज्य?

शेवटी शेजारच्या फ्लेमिश, म्हणजे डच भाषकांच्या, शाळेतल्या लीसबेतबाई कडाडल्या, “तुम्ही बसा भांडत. पोरं इकडे पाठवा.” आठवडा झाला, मुलं त्यांच्या वर्गात उबेला बसताहेत.

मी ठणठणीत आहे, खोकला जुनाच. तुझा गुडघा काय म्हणतो?

आज मधल्या सुट्टीत भर पावसात त्यांच्या शाळेच्या अंगणात मुलांची राखण करायची पाळी लीसबेतबाईंची होती. त्यांना न विचारता मीच जाऊन उभी राहिले.

तुझी,
ओडेत