कोनवरचा ठिपका

१६ सप्टेंबर २०१३
आले एकदाची पनवेलला. दापोलीहून निघताना आई रडली, मी मात्र खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश. कोन गावात शहाबानो खालांच्या घरी वरची खोली मिळाली आहे. खाला एकट्याच, मुलगा कुवेतला. आल्या आल्या म्हणाल्या, "बेटा, दोन घास खाऊन घे, उपाशी झोपू नको." शेजारची भागी वीटभट्टीवर जाते, समोरची शाजिया खारघरला कॉलेजात. ऑफिस पनवेलात, दोन खुर्च्यांचं. एकीवर दिनानाथ सर, दुसरीवर मी.

१९ सप्टेंबर
काम कळलं. रडारचं चित्र आलं की प्रत्येक ठिपक्याचा रंग वाचायचा, रंगावरून परत आलेल्या लहरींची ताकद काढायची आणि ताकदीवरून पाऊस, तासाला किती मिलिमीटर ते. उलव्यात भराव टाकणारे कंत्राटदार आमचे आकडे घेतात. पाऊस सरकतो. जो ठिपका हलत नाही तो डोंगर किंवा टॉवर समजून खोडायचा आणि त्या जागी आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी भरायची. नकाशात भोक दिसलं की गिऱ्हाईक घाबरतं, असं सर म्हणतात. त्यापलीकडे ते बोलत नाहीत. दिवसभर त्यांच्या चहाच्या भुरक्यांचीच काय ती सोबत.

२३ सप्टेंबर
कालचा रविवार खायला उठला होता. ओळखीचं कुणी नाही, जाणार कुठे? दिवसभर खोलीतच होते. आज कालची चित्रं उघडली तर कोनवर, चक्क उन्हात, एक फिका ठिपका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागच्या जागी, आणि बरोबर आमच्या घरावर. आकडा काढला, जेमतेम भुरभुर. मीच दिसते की काय, म्हणून हसले. सरांना सांगितलं. मान वर न करता ते म्हणाले, खोडून टाक. खोडला, सरासरी भरली.

२५ सप्टेंबर
खालांना जिन्यात सलाम केला, त्यांनी पाहिलंच नाही. चष्मा विसरल्या असतील. रिक्षात एक बाई सरळ माझ्या मांडीवर बसायला आली. मी ओरडले तर ड्रायव्हरही वळला नाही.

२७ सप्टेंबर
मी बसलेली असताना सरांनी माझ्या खुर्चीवर फाइल ठेवली. मग फोनवर कुणाला तरी म्हणाले, "हो रूपा, बरं वाटलं की ये." रूपा मी आहे. मी समोर उभी होते.
आईला फोन केला. हॅलो हॅलो करून तिने ठेवला. फार एकटं वाटतंय.

२९ सप्टेंबर
खाला ताट घेऊन वर गेल्या, माझ्या खोलीत. मागोमाग गेले. खाटेवर एक मुलगी, माझ्या कपड्यांत. केस भागीचे, खोकला खालांचा, हसणं शाजियाचं. सगळ्यांचं थोडं थोडं.
तो ठिपका मीच होते. मीच मला खोडलं आणि माझ्या जागी सरासरी —

३० सप्टेंबर
सर जेवायला गेल्यावर खोडलेलं परत आणलं. आजचं चित्र लावलं. कोनवर ठिपका आला, ठळक. पण मी तर इथे, पनवेलात. पनवेलवर काहीच नाही —

४ ऑक्टोबर
आई रविवारी येतेय. खाला भागीला सांगत होत्या. आई फसणार नाही. आई मला ओळखेल. बाकी कुणी नाही ओळखलं तरी —

६ ऑक्टोबर
आई आली. रस्त्यात हात धरला. थंडी वाजल्यासारखा तिने झटकला. वर गेली —
मी दारातून बघतेय. आईने तिच्या गालावरून हात फिरवला. थांबली. हात मागे घेतला. म्हणाली, ही माझी रूपा नव्हं —
ओळखलं. आईने ओळखलं —
सगळ्या जमल्यात. भागी म्हणते, "पोर सुकली हाय, बाकी कायच नाय." खाला म्हणतात, परक्या गावात चेहरा बदलतो बेटीचा. शाजियाही तेच —
आई पुन्हा बघतेय तिच्याकडे. म्हणतेय, हो, असेल —
जवळ घेतलं तिला —
आई, एकदा मागे बघ, मी दारात उ