घोड्याचा भाव कोण वाढवतो

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तिसरी तेवढी बरी नाही, तिचं पुढे येतंच. तुमचा खोकला आता कुठवर आला? (ताईच्या मागच्या पत्रात तो छातीतून घशात आला होता, म्हणजे बाहेरच्या वाटेला लागला असावा.) ताईच्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा. लहानपणी त्याच गुडघ्यांवर पाटी टेकवून मी अक्षरं गिरवली, तेव्हा त्यांच्या दुखण्यात माझाही थोडा वाटा असणार. पत्राला तसं खास कारण नाही. पैसे मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला मोकळ्या मनाने वाचता येईल.

तिसरी म्हणजे आमची घोडी, मावशी. (हे नाव तिला घरच्यांनी दिलं. पहिल्या दिवशी तिने दारात उभं राहून आमचा संसार असा न्याहाळला, की माहेरची मावशी तपासणीला आल्यासारखं वाटलं.) लाकडाच्या वखारीतून फळ्या भरायच्या आणि वर सुतारांच्या गल्लीत पोचवायच्या, हे आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. गल्ली चढाची, अरुंद, आणि मधेच अशी वळलेली की टेम्पो तिथे गेला तर सुतारांनाच बोलवावं लागतं, भिंत सोडवायला. त्यामुळे घोडागाडी अजून टिकून आहे आणि आम्हीही. पण थंडी संपल्यापासून मावशी त्या वळणावर थांबते आणि मान वळवून माझ्याकडे बघते. त्या बघण्यात तक्रार नसते. घरातलं मोठं माणूस "तू हो पुढे, मी येते सावकाश" म्हणतं, तसं काहीतरी असतं. पण फळ्या तिच्या मागे बांधलेल्या, मी पुढे होऊन करणार काय?

वखारवाल्याने हे पाहिलं. माणूस वाईट नाही. करवतीकडे बघत म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत दुसरं जनावर बघ बाबा. नाहीतर मला हातगाडीवाले लावावे लागतील. मी लाकूड विकतो, धीर विकत नाही."

तेव्हा मी घोड्यांच्या बाजारात गेलो. मावशी घेतली तेव्हा घोड्याला शिलाई मशीनइतकी किंमत पडायची. म्हणून मी एका चांगल्या शिलाई मशीनचा अंदाज मनात धरून, वर थोडी महागाई धरून, ऐटीत गेलो. पहिल्याच घोडेवाल्याने माझा आकडा ऐकून घेतला आणि अदबीने विचारलं, "काका, घोडा पाहिजे का लगाम?" आता घोडा म्हणजे पत्र्याची एक खोली. चांगला असला तर खिडकीसकट.

दाजी, मला राग आला नाही, नवल वाटलं. जी वस्तू लोकांना नकोशी होते ती स्वस्त होते. कंदील झाले, रेडिओ झाले, माझ्या पिढीची माणसंही झाली. मग घोड्याची गरज दर वर्षी कमी होते आहे, आणि भाव मात्र चढतो आहे, हे कसं? माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती भाड्याने राहत नाही, घरच बांधते. मी चौकशीला लागलो. नालबंद म्हणाला, सगळा दोष गवतवाल्याचा. पेंढीला सोन्याचा भाव लावला तर जनावर स्वस्त कसं राहील? गवतवाला म्हणाला, चार नाल ठोकायला तो काय घेतो ते आधी विचारा. पुढे ते दोघं चहाच्या टपरीवर एकाच बाकावर सापडले, तेव्हा दोघांनी मिळून सांगितलं, की खरा दोष गाडीवाल्यांचा, ते जुनी घोडी सोडतच नाहीत. (माझ्याकडे बघून सांगितलं. चहाचे पैसे मीच दिले.)

शेवटी दलालाला विचारलं. हा सडपातळ माणूस, नखं इतकी स्वच्छ की घोड्यांच्या बाजारात संशय यावा. तो म्हणाला, "भाव विचारल्याने वाढतो, काका. सकाळपासून तुम्ही दहा जणांना विचारलंत. आता सगळ्या बाजाराला वाटतंय, घोड्याला गिऱ्हाईक आलं." मी हसलो. तो हसला नाही. मग हळूच म्हणाला, जुनी घोडी अदलाबदलीत द्या, म्हणजे नवा घोडा तुमच्या आवाक्यात येईल. जुनी जनावरं घेणारा माणूस मागच्या फाटकापाशी बंद गाडी घेऊन उभा असतो. तो दात बघत नाही, खूर बघत नाही, वजनावर घेतो.

हे मी घरी जेवताना सांगितलं. ह्यांनी (म्हणजे आमच्या घरच्यांनी) हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मावशीला वजनावर द्यायची असेल तर आधी मला तोला." एवढं बोलून मला आणखी एक वाढणी केली, पण ती वाढणी गोड लागली नाही. तेव्हा ठरलं ते असं: आहे त्या पैशांत घोडा बसवायचा आणि मावशी दारातच राहणार.

आता बाजाराची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपला हात आणि घेणाऱ्याचा हात एका कापडाखाली धरतो. घेणाऱ्याचा नसला तर त्याच्या घरच्या माणसाचा चालतो, परक्याचा नाही. कोणतं बोट कितीदा दाबलं, त्यावर आकडा. वर चेहरे देवळातल्यासारखे शांत, खाली घनघोर लढाई, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. तोंडातून शब्द निघाला की सौदा मोडला. आणि कापडाखाली ठरलं ते ठरलं, त्याला लिहिणं नाही, सही नाही, माघार नाही. मला ही रीत फार आवडली. जगातली निम्मी भांडणं कापडाखाली झाली असती तर बरं झालं असतं, असंही मनात आलं.

एक तांबडा घोडा माझ्या मनात भरला होता. रुंद छातीचा, शांत, कानाशी माशी आली तरी आधी विचार करणारा. त्याचा मालक उंच माणूस, बोलायचं माझ्याशी पण बघायचं घोड्याकडे. दलालाने कापड टाकलं आणि माझा हात धरला. मावशीचं सगळं पुढचं आयुष्य आता त्या कापडाखाली होतं. अशा वेळी मी काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. मी डोळे अर्धे मिटले आणि मनात देवाचं नाव सुरू केलं.

नाव मी बोटांच्या पेरांवर मोजतो. अंगठा एकेका पेरावरून सरकत जातो. आमचे गुरुजी बोटांवर गणित करू देत नसत, छडी मारत; त्यांचं ऐकलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. कारण माझ्या अंगठ्याला त्या दिवशी माझी पेरं सापडली नाहीत, दलालाची सापडली. मी एक नाव घेतलं की त्याचं एक पेर दाबलं जायचं. तो चकित होऊन मालकाकडे वळायचा, मालक मान डोलवायचा, तोवर मी पुढच्या नावावर. मालक केव्हाच कबूल झाला होता म्हणे, मीच थांबत नव्हतो. मला मात्र फार प्रसन्न वाटत होतं. इतकं मन लागलेलं नामस्मरण कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

"सौदा झाला," असं दलाल म्हणाला तेव्हा मी डोळे उघडले. त्याने माझ्या कानात आकडा सांगितला. दाजी, ती खोली नव्हती. ती खोली, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा होता.

मी म्हटलं, "अहो, मी बोली लावत नव्हतो. देवाचं नाव घेत होतो."

"एवढ्या जोरात?" दलाल म्हणाला.

"मनात."

"तुमचं मन फार दाबतं हो, काका. मला वाटलं कोणी मोठी असामी मळके कपडे घालून आली आहे."

माघारीची रीत नाही. पण हा प्रकार त्याच्याही अनुभवात नवा होता आणि कुतूहल त्यालाही आवरेना. तो मालकाला म्हणाला, "थांबा, खरं-खोटं बघू." पुन्हा कापड टाकलं, मला म्हणाला, काका, घोड्याचा विचारही करू नका, नुसतं नाव घ्या. मी घेतलं. भाव पुन्हा चढला. मालकाने घोड्याकडे बघणं सोडून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. भोवती माणसं जमली, आणि त्यांना दिसलं ते एवढंच, की एक गाडीवाला एकाच घोड्यावर दोनदा हात लावतो आहे आणि कापड सोडत नाही. त्या गर्दीत एक गॉगलवाला होता. त्याने विचार केला, ज्या घोड्यासाठी हा म्हातारा एवढा झुंजतो त्यात काहीतरी असणार. त्याने मधे हात घातला, माझ्यापेक्षा वरचा भाव केला आणि तांबडा घोडा घेऊन गेला. मालक खूश, त्यामुळे मला कोणी अडवलं नाही. मी रिकाम्या हाताने घरी आलो. देवाने अडकवलं आणि देवानेच सोडवलं, तर मधे मला कशाला नेलं, हे मात्र कळलं नाही.

पुढच्या बाजाराला गेलो, तर सगळ्या बाजाराचा भाव चढलेला. लंगडा घोडासुद्धा खिडकी मागत होता. मी माझी जुनी चौकशी पुन्हा सुरू केली. घोड्यांची चंदी, म्हणजे दाणा, विकणाऱ्या बाईला विचारलं, असं एकदम काय झालं? ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? मागल्या बाजारात एक म्हातारा आला होता. दिसायला भिकारी, पण कापडाखालून हात काढेना. त्याने एवढा दिला म्हटल्यावर आता कोण कमी घेईल?" मी तिला एवढंच विचारलं, की तो खरंच म्हातारा होता का. "पिकलेला होता," ती म्हणाली. तर दाजी, घोड्यांचे भाव कोण वाढवतो याचा शोध अशा रीतीने पुरा झाला. नालबंद आणि गवतवाला यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घरी आम्ही सरावही केला. ह्या दलाल झाल्या, पंचा पसरला, मी नाव न घेता हात स्थिर ठेवायचा. जमलं नाही. डावा हात देऊन पाहिला, तर तो उजव्याची आवर्तनं मोजणारा हात, त्याचा एकेक आकडा शंभराचा. ह्यांचा हात पाठवावा म्हटलं, तर भाजीवाल्याशी यांची घासाघीस मी ऐकलेली आहे. कापडाखाली या गप्प बसतील ही आशा नाही. सराव चालला असता एक गोष्ट मात्र ध्यानात आली आणि ती मनातून जात नाही. मी मनात मावशीच्या खुराचा, पेंढीच्या भावाचा, वखारवाल्याचा विचार करत होतो आणि बोटं तिकडे शांतपणे नाव घेत होती. इतकी वर्षं मला वाटायचं की जप मी करतो. आता वाटतं, बोटं करतात, मी नुसता बरोबर असतो. वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं. घरातलं कोणीतरी तरी नेमाने करतं आहे.

असो. महिना संपत आला. मावशी सध्या अर्ध्याच फळ्या ओढते, अर्ध्या मी खांद्यावर नेतो, आणि वळणावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. ताईला आणि मुलाबाळांना आशीर्वाद-नमस्कार ज्याचे त्याला वाटून द्यावेत.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता.क. पत्राला खास कारण नाही असं वर लिहिलं, ते बरोबर नाही. महिनाअखेरच्या आत एकच बाजार उरला आहे. त्यात एक ठेंगणी पांढरी घोडी येणार आहे. दलाल म्हणतो, हात उगाच हलला नाही तर ती आहे त्या पैशांत बसेल आणि मावशीला फाटकाकडे न्यावं लागणार नाही. हात घरचा हवा. दाजी, आपल्या सगळ्या नात्यागोत्यात देवाला न मानणारे तुम्ही एकटेच आहात. तुमच्या लग्नातसुद्धा तुम्ही हात जोडले ते फोटोवाल्याने सांगितलं म्हणून. असा स्वच्छ, निर्विकार हात आमच्या घराण्यात दुसरा नाही. तो घेऊन बाजाराच्या दिवशी यावं, एवढीच विनंती.

ता.क. दुसरं. तुम्हाला श्रद्धा यावी म्हणून गेली कित्येक वर्षं मी रोज देवाजवळ मागणं घालतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते बाजारापुरतं बंद ठेवलं आहे. आजवर त्याने ऐकलेलं नाही, पण त्याचा नेम नाही, नेमकं आत्ताच ऐकायचा.

ता.क. तिसरं. हे पत्र ताईला दाखवू नका. घोडी बघायला जातो, एवढंच सांगून निघा. नाहीतर निघताना ती तुम्हाला देवापुढे उभं करील. देवाला तुम्ही मानत नाही, पण तिला मानता.