कल्हईवाल्याची छाती

तांबट बाजार, त्रिपोली, लेबनॉन

आदरणीय दाजी,
सलाम. आपली तब्येत अल्लाच्या कृपेने उत्तम असणारच. शाळेत चाळीस वर्षं खडूखेरीज दुसरी धूळ न खाल्लेल्या माणसाला काय होणार? वफीकाताईचे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत आहे.

इकडे माझ्या कल्हईच्या दुकानावर मात्र गंडांतर आलंय. आरोग्य तपासणीच्या सिहामबाई आल्या, तेव्हा मी तापल्या पातेल्यात नवसागर टाकत होतो. धुराचा लोट उठला आणि नेमका मला ठसका लागला. "काका, खोकला कधीपासून?" "खोकला कुठला, बाई, तुमच्याशी बोलायचं म्हणून घसा साफ करतोय." तर समोरचा फखरी पितळवाला (आग लागो त्याच्या जिभेला) ओरडला, "गेल्या रमजानपासून साफ करतोय, बाई, अजून झाला नाही!" बाईंनी लिहून दिलं: तोंडाला मास्क, पायात रबरी बूट आणि सोमवारपर्यंत छातीची एक्स-रे फिल्म. नाहीतर दुकानाला कुलूप.

मी पडलो कायदा पाळणारा. मास्क लावला. आता कथील कधी पुसायचं हे आम्ही वासावर ओळखतो. मास्कमध्ये मला वास आला तो फक्त दुपारी खाल्लेल्या लसणाचा. कथील जळून पिवळं पडलं. मग बूट. मोठं भांडं घासायचं म्हणजे आत वाळू टाकायची, त्यातच अनवाणी उभं राहायचं, भिंतीला धरायचं आणि कंबर हलवायची (नवव्या वर्षापासून हलवतोय). बुटांनी वाळू धरलीच नाही. हलवाई अबू शफीकचं भांडं माझ्यासकट आडवं झालं आणि उतारावरून गडगडत थेट त्याच्याच दारात! तो म्हणतो, "अबू रशाद, भांडं घरपोच देतोस याचं कौतुक आहे, पण आत बसून?" सगळी गल्ली हसली. मीही हसलो, आणि हसता हसता जो खोकला लागला तो थांबेचना. मग मात्र कुणी हसलं नाही.

असो. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
अबू रशाद

ता. क.: एक क्षुल्लक काम होतं. आपली छाती आरशासारखी स्वच्छ. तेव्हा तिकडे आपल्या सैदा शहरात माझं नाव सांगून एक फिल्म काढून घ्या आणि शनिवारपर्यंत पाठवा. फिल्मवर चेहरा येत नाही, मी चौकशी केली आहे.

दुसरा ता. क.: पाकीट बंद करण्याआधी नझीहानं पत्र वाचलं. म्हणाली, "दाजींच्या छातीवर दुकान उघडं राहील हो, पण तुमचा श्वास कोण घेणार, तेही दाजीच?" मी पुन्हा लेखणी उचलली (बायकोचं ऐकायची ही पहिलीच वेळ आहे असं नाही). तेव्हा फिल्म काढू नका. गुरुवारी मीच येतोय. डॉक्टर गाठून ठेवा. जरा कमी ऐकणारा मिळाला तर बरं.